आतोबांची मंजुरी

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, जन्मात कुठलीही गोष्ट पहिल्या वाचनात मंजूर केली नाही. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी समासात शेरा लिहून परत पाठवली होती: ‘मुहूर्त समजला. पाऊस आल्यास काय, याचा उल्लेख नाही.’ आत्या सांगायची, “मला पाहून गेले आणि होकाराऐवजी दोन शंका लिहून पाठवल्या.” बिर्लानगरच्या एका मिलमध्ये ते कॉम्प्युटर सांभाळत. मिल बंद पडली, पण यांचं तपासणं थांबलं नाही. जगभरातले लोक मिळून हौसेनं एक सॉफ्टवेअर बांधतात, त्यात इतरांचा कोड तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. गावातल्या लष्कर नावाच्या भागात त्यांच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर लिनक्स, विंडोज आणि मॅक असे तीन कॉम्प्युटर मांडलेले. आत्या गेल्यावर ताटापुरती जागा ठेवायचंही कारण उरलं नाही. आतोबा ओट्याशी उभ्यानंच जेवू लागले.

मी इंदरगंजातल्या एका ऑफिसात कोड लिहितो. मागच्या वर्षी ऑफिससाठी त्याच सॉफ्टवेअरमध्ये केलेला माझा एक बदल नेमका त्यांच्याकडे तपासणीला गेला. बदल सॉकेटचा होता. सॉकेट म्हणजे दूरच्या मशीनशी चाललेल्या बोलण्याचं आपल्या बाजूचं टोक. बोलणं न तोडता ते एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि हे तिन्ही सिस्टिमवर जमायला हवं. आमच्या साहेबांना ते आठवड्यात हवं होतं. आतोबांनी एकोणीस शंका काढल्या. एरवी मला ‘अरे’ म्हणणारे आतोबा शेऱ्यांत इंग्रजीतून ‘माननीय लेखक’ म्हणत. वैतागून मी टेम्पो पकडला आणि त्यांचं घर गाठलं.

“आतोबा, सगळं चालतंय. पास करून टाका ना.”

“लिनक्सवर चालतंय. बैस. चाय घेशील?”

त्यांनी विंडोजवर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा लावला. चहा संपेपर्यंत काही झालं नाही. मग एकदा बोलणं मधेच तुटलं.

“तू सॉकेट देतोस आणि लगेच आपल्याकडचं बंद करतोस,” ते म्हणाले. “लिनक्स तेवढ्यात सांभाळून घेतो, विंडोज नाही घेत. मिळालं, असं समोरचा सांगेपर्यंत सोडायचं नाही. इतनी सी बात है.”

मी साहेबांची बोलणी खाल्ली आणि पाच रविवार आतोबांकडे गेलो. ते एका दिवशी चारच शंका घेत. जास्त घेतल्या तर नजर चुकते म्हणत. मला तेव्हा ते खरंच वाटलं. शेवटी शेरा आला: ‘मंजूर. आभार.’ पुढचे बदल दुसऱ्या तपासनिसांकडे गेले, रविवार घरच्या कामांत जाऊ लागले, आणि माझं तिकडे जाणं थांबलं.

तीनेक महिन्यांनी त्या मिटलेल्या बदलाखाली, साऱ्या जगाला दिसेल असा, मराठीत एक शेरा आला. फोनवर कामाशिवाय बोलणं आतोबांना कधी जमलंच नाही. ‘चूक काही नाही. रविवारी येतोस का? नाश्त्याला गरम बेडई-पुरी आणवून ठेवतो.’ खाली कुणा परदेशी माणसानं विचारलं होतं, हा दोष कुठल्या सिस्टिमवर येतो?

मी बराच वेळ लिहीत-खोडत बसलो. मग लिहिलं, ‘दोष माझ्याकडचा आहे. रविवारी बघतो.’

साडेनऊला पोचलो, तर बेडई गार झालेली. आतोबा सातपासून वाट बघत होते.

“वेळ लिहायची राहिली माझ्याकडून,” ते म्हणाले आणि तवा ठेवायला उठले.