सेनादांचं मत

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

इकडे परदेशात, वेरिबीतल्या एका वृद्धाश्रमात मी काम करते. सेनादा तिथे राहायच्या — बोस्नियाच्या, मुसलमान. तिथे सर्बांशी झालेल्या लढाईत त्यांचा भाऊ मारला गेला होता. शेजारच्या खोलीत व्हेस्ना. त्याही बोस्नियाच्याच, पण सर्ब. म्हणजे पलीकडच्या बाजूच्या. तरी दोघी रोज दुपारी पत्ते खेळायच्या, भांडायच्या, हसायच्या.

सेनादांच्या गावी निवडणूक लागली. तिथे अजून जो तो आपल्याच जमातीला मत देतो. पण यंदा नियम बदलले होते, मोजणी यंत्रावर होणार होती, आणि त्यांचा भाचा — त्याच मेलेल्या भावाचा मुलगा — दोन्हीकडची माणसं घेऊन उभा होता. सेनादांनी पोस्टाने मत दिलं. पाकीट माझ्या हातात ठेवलं. "आजच टाक हं. या वेळी नीट मोजतील."

मी विसरले. माणूस विसरतो — पण पुढचं?

मुदत टळल्यावर ते माझ्या गाडीत, सीटखाली सापडलं. मी ते रद्दीच्या बिनमध्ये टाकलं. सेनादांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "केव्हाच पोस्ट केलं. नो वरीज!"

भाचा हरला. फोनवर म्हणाला, "आत्या, आलेल्या पाकिटांच्या यादीत तुझं नावच नाही."

सेनादांनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "नाव वाचून फेकलं असेल. व्हेस्नाच्या लोकांनी."

मी तिथेच होते, त्यांच्या स्वेटरची बटणं लावत. एक वाक्य पुरलं असतं. नोकरीची भीती होती का? होती. पण खरं सांगू? त्यांच्या मनातून उतरायचं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी व्हेस्ना पत्ते घेऊन आल्या. सेनादांनी तोंड फिरवलं. व्हेस्ना चार-पाच दिवस येत राहिल्या, दारात उभ्या राहायच्या. मग मलाच विचारलं, "काय झालं गं? तुला काही माहीत आहे?"

"नाही," मी म्हणाले.

सेनादा हिवाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत त्या व्हेस्नाशी बोलल्या नाहीत.

व्हेस्ना अजून आहेत. रोज सकाळी मी त्यांना औषधं देते. परवा गोळी हातात धरून म्हणाल्या, "जाताना माझ्याबद्दल काही बोलली का ती?"

"नाही," मी म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं.