साध्या कार्डावरचा लाल शिक्का

ग्वी चिन-हाईचे गुडघे कामातून गेले होते, डोळे जायच्या वाटेवर होते, पण लोक काही त्याची पाठ सोडत नव्हते. चाळीस वर्षं त्याने ताउनान गावात टपाल वाटलं. आता दर रविवारी तो देवळासमोरच्या वडाखाली थर्मास घेऊन बसायचा. तिथे जुन्या कार्डांचे शौकीन टेबलं मांडत आणि न कळलेला प्रत्येक शिक्का त्याच्या नाकासमोर धरत. जे ओझं त्याने आयुष्यभर खांद्यावर वाहिलं, तेच हे लोक भिंग लावून बघत होते. शिक्का उलटा पडला म्हणजे दुर्मीळ होत नाही, मारणारा झोपेत होता एवढंच, हे सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती.

त्या रविवारी सियाव बी-ग्योक आली. गावातल्या शाळेत गणित शिकवणारी, पन्नाशीची बाई. मागोमाग टेबलवाला फांग.

"हाईकाका, रद्दीच्या गठ्ठ्यात हे सापडलं," फांग म्हणाला. "बेटावरच्या तुरुंगातलं कार्ड. पत्ता बाईंच्या गल्लीचा, म्हणून मीच त्यांना बोलावलं. निळा चौकोन तिथल्या तपासणीचा, जांभळा 'परत'चा. पण हा अक्षरं पुसलेला लाल गोल कुणाचा? मी म्हणतो, मोठ्या साहेबाचा."

"तुझे सगळे साहेब मोठेच असतात," चिन-हाई म्हणाला. "जा, तुझ्या टेबलावर गिऱ्हाईक आलंय."

त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. पन्नास वर्षांपूर्वीचं, चार ओळींचं. 'मी बरा आहे. गरम कपडे पाठवू नकोस, लागत नाहीत. मुलगी चालायला लागली का?' कोपऱ्यात पेन्सिलने सात लिहिलेला, त्याच्या पोटातून एक आडवी रेघ. असा सात ताउनानच्या पोस्टात एकच माणूस लिहायचा. त्याने कार्ड खाली ठेवलं.

"मला नीट दिसत नाही हो," तो म्हणाला. त्याला खरंच घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"काका, बघाच," बी-ग्योक म्हणाली. "हे लिहिल्यावर तीन वर्षांनी बाबा त्या तुरुंगातच वारले. त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही, असं आई सांगत आली. त्यांच्या दिवशी ती उदबत्ती लावते, मी अंगणात उभी राहते. एकदाही लावली नाही मी. ज्याला आमची आठवण नाही, त्याला कशाला लावायची? आणि आता हे. कार्ड वाटेतच अडलं असेल ना? तसं असेल तर आज आईला दाखवते. अजून रोज दारात बसते ती. पोस्टमन दिसला की रागाने उठून आत जाते."

चिन-हाईला वाटलं, 'हो, अडलं' म्हणावं आणि मोकळं व्हावं. एका शब्दाचं काम होतं. पण ती कार्ड घरी नेणार होती, आणि शिक्का कार्डावर होता.

"अडलं नाही," तो म्हणाला. "पोचलं होतं. मीच नेलं होतं. हा सात माझा आहे. टपाल वाटायची सात नंबरची वाट माझी होती."

बी-ग्योकने लाल गोलावर बोट ठेवलं. "मग हा कुणाचा?"

"नोंदणीचं टपाल घेताना सहीऐवजी घरचा शिक्का लागतो. साधं कार्ड घेताना काही लागत नाही, पोरी. नाकारताना लागतो."

तिने पर्स उघडली. आईचं पेन्शन तीच आणायची, म्हणून आईचा लाकडी शिक्का तिच्याकडेच असे. फांगच्या टेबलावरची शाईची डबी ओढून तिने तो कागदावर दाबला. डावीकडे कडेचा टवका उडालेला. कार्डावरही तिथेच.

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"तेवीस वर्षांचा होतो. शाईची डबी मीच पुढे केली. बेटावरून कार्ड आलं की मागोमाग सरकारची दोन माणसं यायची, तांदळाचं मडकंसुद्धा उघडून बघायची. सगळी गल्ली घाबरलेली होती. तू तिच्या पाठीवर बांधलेली होतीस. वाचलेलं टपाल परत घ्यायचं नाही, असा नियम होता. तिने उंबऱ्यात उभं राहून कार्ड दोनदा वाचलं, ओठ हलवत. मी मान वळवून तुमच्या कोंबड्या बघत राहिलो. मग तिने शिक्का मारला. एवढंच केलं मी तुमच्यासाठी."

बी-ग्योकने आईचा शिक्का पुसून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे पोस्टमन दिसल्यावर ती रागाने आत जात नाही."

"नाही."

"मी नाही नेऊ शकत हे तिच्यापुढे."

चिन-हाईने उसासा टाकला. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला. "आण इकडे. वाट माझीच आहे."

दहा मिनिटांच्या रस्त्याला त्यांना अर्धा तास लागला. म्हातारी दारात बांबूच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसली होती. हातात कार्ड घेतलेला माणूस दिसताच ती उठून आत वळली.

"आई, थांब," बी-ग्योक म्हणाली.

चिन-हाईने दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. म्हातारीने आधी कार्ड पाहिलं, मग त्याचा चेहरा, मग पुन्हा कार्ड.

"शिक्का तुझ्याकडे आहे ना गं?" तिने मुलीला हळूच विचारलं.

"साधं कार्ड आहे, वहिनी," चिन-हाई म्हणाला. "घ्यायला शिक्का लागत नाही."

तिने हात सदऱ्याला पुसले आणि कार्ड घेतलं. वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती.

"लागली हो," ती कार्डाला म्हणाली. "कधीच चालायला लागली."

बी-ग्योक तिच्या बाजूने आत गेली, थेट देव्हाऱ्यापाशी. तिथे ती खण उघडत राहिली, एकामागून एक. उदबत्त्या कुठे ठेवतात हे तिला माहीत नव्हतं.