निवेदनातून गाळलेला जिना

आमच्या वस्तीजवळचं रेल्वे फाटक बंद करून उड्डाणपूल बांधायला घेतला, तेव्हा पायी जाणाऱ्यांसाठी जिना हवा, ही आम्हा रहिवाशांची मुख्य मागणी होती. नाहीतर म्हाताऱ्या माणसांना ट्रकच्या गर्दीतून पुलाच्या कडेकडेनं चालावं लागलं असतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या बाजूचा जिना नेमका माझ्या घरासमोर उतरला असता. लोक पायऱ्यांवर बसून तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकतील, एवढंच माझ्या मनात आलं. निवेदन पक्कं करताना मी तो मुद्दा गाळला. सहीला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "जिन्याचं लिवलं ना गा?" मी हो म्हणालो. कागद कोणीच वाचला नाही, एवढा माझ्यावर भरवसा होता.

पूल जिन्याविनाच झाला. मागितला असता तर मिळालाच असता असं नाही, पण आम्ही मागितलाच नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच काकूंना पुलावर मोटरसायकलनं उडवलं. खुबा मोडला. भेटायला येणाऱ्यांना त्या सांगत, "यानं तं लिवलं होतं, सायबलोकाईनंच आयकलं नाही." मी मान खाली घालून चहा पीत असे.

काल एकटाच गेलो आणि खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा लिव. अन् पहिले काहून नाही लिवलं, थे साऱ्याईले सांग."

नवं निवेदन लिहून झालं आहे. वस्तीत सांगायला अजून धीर होत नाही, म्हणून आधी इथे लिहितो आहे.