शाळेतून हाकललेली गाणी

देवांगनाच्या भावाचा, मोरेश्वरचा फोन आला तेव्हा मी नागपूरला बँकेच्या काउंटरवर बसले होते. "ताई, दीदी गेली," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मागे कोणीतरी गाडी कुठे लावायची ते हिंदीत विचारत होतं. चिचगडकडच्या जंगलातल्या एका गावाहून ती ताप घेऊन परतली होती. मलेरिया डोक्यात गेला... गोंदियाच्या दवाखान्यातून नागपूरला हलवायचं ठरेपर्यंत सगळं संपलेलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्यावर लिहायला सांगताना पुरवणीच्या संपादकांनी प्रेमाने सुचवलं, की अशा लेखात कडवटपणा नको. मी प्रयत्न केला, पण लिहिलेलं सगळं फाडून टाकावं लागलं. तिच्याबद्दल गोड गोड लिहायचं आणि तिला ज्याने घरी बसवलं त्याला मोकळं सोडायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

आम्ही दोघी गोंदियाच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. साल १९९९. ती पोवार समाजातली, घर शहरालगतच्या मुर्रीला, मागे धानाचं गोदाम, पुढे भाड्याच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत रेल्वेतले एक बंगाली दादा राहायचे. त्यांची बदली झाली तेव्हा सामान कमी करायचं म्हणून कॅसेटांचा एक खोका ते देवांगनाला देऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तीच अस्वस्थ. "चल घरी. आमचा टेप बिघडला की मी बिघडली, सांग मले." तिच्या खोलीत आम्ही दार लावून बसलो. गिटार एखाद्या जखमी जनावरासारखं कण्हत होतं, मध्येच पाण्याखालून यावा तसा बाईचा आवाज यायचा, आणि गाणं संपता संपत नव्हतं. मलाही वाटलं, टेपच गेला. आम्ही तो कापडात गुंडाळून सायकलवरून बाजारात नेला. दुरुस्तीवाल्याने हेड पुसलं, कॅसेट लावली, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि टेप परत आमच्या हातात ठेवला. "मशीन एकदम सही है बेटा. बजानेवाला ही टेढ़ा है."

त्या टेढ्या वाजवणाऱ्यांनी तिला जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मला ते संगीत आवडायला वर्ष लागलं. तिला एक दुपार पुरली. पुढे गोंदियात इंटरनेट कॅफे आले. बाकीची पोरं निकाल बघायला जायची, ही कोणा दूरदेशीच्या चार पोरांनी गॅरेजमध्ये बसून, कुठल्याही कंपनीशिवाय काढलेली गाणी उतरवून घ्यायला जायची. लाइट गेली की अर्धं उतरलेलं गाणं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. मग सिनेमे सुरू झाले... थिएटरात चालले नाहीत, पण जगात कुठे कुठे मूठभर लोक ज्यांच्यापायी वेडे आहेत, असे. एकदा असा एक सिनेमा बघून मी वैतागले. "यात काही घडतच नाही," मी म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "तुह्या माह्या घरी तरी काय घडते? तरी आपण पाहूनच राहिलो ना रोज?"

बी.एड. करून ती देवरीकडच्या एका खासगी शाळेत लागली. तिथल्या संस्थाचालकाचं नाव मी लिहीत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं पाहायची त्याला भारी हौस आहे, ती हौस मी पुरवणार नाही. शनिवारी शाळा सुटायच्या आधी देवांगना पोरांना एक तास हीच गाणी नुसती ऐकायला बसवायची. डोळे मिटायचे, ऐकायचं, मग जे दिसलं ते काढायचं. कोणी पूर काढला, कोणी मोहाचं झाड काढलं. एका गोंड घरच्या मुलीने नुसतीच काळी काळी वर्तुळं काढली आणि म्हणाली, "म्याडम, आमच्या गावी देव अंगात येते तवा असंच होते." हे सांगायला देवांगनाने मला खास फोन केला होता. इतक्या आनंदात मी तिला फार कमी वेळा ऐकलं आहे.

मग गॅदरिंग आलं. संस्थाचालकाचा वाढदिवस त्याच आठवड्यात. त्याच्यावर रचलेल्या गाण्यावर पोरांनी नाचावं, असा निरोप आला. तिने पोरांकडून ताटं, डबे, सायकलच्या घंट्या, कंदिलाच्या काचा यांचं वाजवणं बसवलं होतं. त्यात ते गाणं बसत नाही, असं तिने कळवलं. बस, एवढाच तिचा गुन्हा. गॅदरिंगला मी रजा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कार्यक्रम संपल्यावर त्याने माइक हातात घेतला आणि जमलेल्या आईबापांना म्हणाला, "तुमची पोरं काय शिकून राहिली, माहीत आहे का? ही बाई गांजाची गाणी ऐकवते. अंधार करून फॉरेनचे घाणेरडे पिक्चर दाखवते." देवांगना मागच्या रांगेतून उठली. "कोणतं गाणं, सर? एकाचं नाव सांगा." त्याला एकाचंही नाव माहीत नव्हतं. "नावं घ्यायची मले लाज वाटते," तो म्हणाला, आणि लोक हसले. त्या हसण्यात तिची नोकरी गेली.

नुसती नोकरी गेली असती तर ती रडून मोकळी झाली असती. पण त्या माणसाचे हात लांब. अर्जुनी मोरगावला एका शाळेत तिचं ठरत आलं होतं. तिथे त्याचा फोन गेला. आमगावलाही गेला. लग्नाची बोलणी व्हायची आणि पाहुणे चहा पिता पिता विचारायचे, "ते गांजाचं काय होतं म्हणे?" वडील त्यातच खचून गेले. देवांगना मुर्रीच्या त्या खोलीत शिकवण्या घेऊ लागली. मी चिडायचे, केस कर म्हणायचे. ती हेडफोन कानातून काढायची, "काऊन तोंड खराब करते?" म्हणायची आणि पुन्हा घालायची. ती त्याला विसरली होती. मी विसरले नव्हते, आणि आता तर विसरायचं कारणच उरलेलं नाही.

पुढच्या काळात ती स्वतः संगीत करू लागली. राइस मिलचा पट्टा, मालगाडीचे डबे जोडतानाचा दणका, तलावावरचे पक्षी, त्यावर तिची गुणगुण. ते ती इंटरनेटवर फुकट टाकायची. कुठल्या कुठल्या देशांतून लोक लिहायचे. गोंदियात कुणाला पत्ता नव्हता. शेवटच्या खेपेला ती जंगलात गेली तीही तिच्या जुन्या विद्यार्थिनींच्या गावी, लग्नातले ढोल रेकॉर्ड करायला.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो संस्थाचालक आला. दोन गाड्या, मागे माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. मांडवात पुढे बसला, रुमालाने कोरडे डोळे पुसले. "आमच्या संस्थेचं रत्न हरपलं," म्हणाला. मी त्याच्यासमोर उभी राहिले. "सर, तुम्हीच तर काढून फेकलं होतं हे रत्न." त्याने मला ओळखलं नाही, की ओळखूनही ओळख दाखवली नाही, कोण जाणे. "दुःखात माणूस काहीही बोलते," असं शेजारच्याला सांगून तो उठला. मोरेश्वर माझा हात ओढत होता. "जाऊ दे ना ताई, मोठा माणूस हाय. इलेक्शन हाय त्याचं." दुसऱ्या दिवशी मुर्रीच्या चौकात फ्लेक्स लागला. खोलीभर मोठा. त्यावर हात जोडलेला तो, नखशिखांत, आणि कोपऱ्यात शाळेच्या ओळखपत्रावरून उचललेली टिकलीएवढी देवांगना. खाली "आदर्श शिक्षिकेस भावपूर्ण श्रद्धांजली".

तो फ्लेक्स मी भर दुपारी उतरवला. पानठेल्यावरची माणसं बघत राहिली. एकाने तर स्टूल धरलं. घरी आणून जाळायचा असा माझा बेत होता. मी काडेपेटी मागितली तेव्हा तिची आई दारातून बाहेर आली. या माउलीने इतक्या दिवसांत एक अक्षर काढलं नव्हतं. तिने फ्लेक्स उलटा केला, पाठीवरून हात फिरवला. "जाळतेस कायले? मागून पांढरा धक हाय. देवांगना शिकवणीच्या पोरायले भिंतीवर पिक्चर दाखवायची, भिंतीले पोपडे आले म्हणून कुरकुरायची."

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही गोदामातली धानाची पोती एका बाजूला लावली आणि त्या माणसाचं तोंड भिंतीकडे करून फ्लेक्स ठोकला. तिच्या जुन्या विद्यार्थिनी चिचगडकडून जीप करून आल्या, काहींच्या कडेवर लेकरं. शिकवणीची पोरं आली. कोणता सिनेमा लावायचा, मला सुचेना. आई म्हणाली, "ज्यात कोणी बोलत नाई असा लाव. मले इंग्रजी समजत नाई." तसा एक सापडला. शटर पाडून तिच्याच प्रोजेक्टरवर सुरू केला. वाळवंटातून काही माणसं चालत होती, नुसती चालत होती. फ्लेक्समागच्या झरोक्यातून ऊन आलं की त्यातून त्या माणसाचे जोडलेले हात पुसटसे दिसायचे, आणि ती माणसं त्या हातांवरून चालत जायची. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. मोठ्याने.

अर्ध्यावर शटर करकरत वर गेलं. दारात तो उभा होता, मागे त्याची माणसं. चौकातून कोणीतरी सांगितलं असणार. बाहेरच्या उजेडात पडद्यावरचा सिनेमा पार धुऊन निघाला आणि फ्लेक्समधून तो स्वतःच, आरशातल्यासारखा उलटा, हात जोडून दिसू लागला. तो आपल्याच त्या चित्राकडे बघत राहिला. कोणी उठलं नाही. मोरेश्वर अर्धवट उठला होता, आईने त्याला खांद्याला दाबून खाली बसवलं. मग दाराकडे न बघताच ती म्हणाली,

"बसायचं असन तं बस बाबू. नाई तं शटर पाड. पोरायले दिसून नाई राहिलं."

मग शटर हळूहळू खाली आलं... बाहेरून, त्याच्याच हाताने.