मोहाच्या झाडावरचा कॅमेरा

मोह गळायला लागला की माझी मोठी जाऊ पहाटेच येऊन माझ्या दारावर टोपलं आपटायची. "चाल वो, अस्वलं आपल्या आधी पोचतीन." गाव संपेपर्यंत आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून चालायचो. नाला ओलांडला की जाऊ पदर कमरेला खोचायची आणि तिचा आवाज मोठा व्हायचा.

घरात मी फारशी बोलत नसे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही अशी रीत. ते ओसरीवर बसले असले की मी मागच्या दारानं पाणी आणायचे. लग्नाला किती वर्षं झाली तरी त्यांनी माझा आवाज नीट ऐकला नव्हता. मला त्याचं काही वाटत नसे, कारण बोलायचं ते सगळं मी जंगलात बोलून घ्यायचे. आमची मोहाची पाच झाडं नाल्यापलीकडे, त्यांना लागून दुसऱ्या घरांची. फुलं वेचता वेचता बाया एकमेकींना हाका मारायच्या, गाणी म्हणायच्या, सासवांना शिव्या द्यायच्या. माणसाचा आवाज आला की अस्वल आणि वाघ आपली वाट बदलतात, हे पुरुषांनाही ठाऊक होतं. त्यामुळे तिथं आमच्या मोठ्यानं बोलण्याला कोणी नावं ठेवत नव्हतं.

जाऊ नकला करायची. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायचं, बिडी तोंडात धरायची, काठी खांद्यावर टाकायची आणि थेट भासऱ्यांसारखं चालायचं. "काऊन वो, भाजीत मीठ टाकलं का दुकानातच ठेवून आली?" आवाजही हुबेहूब त्यांचा. मी हसून हसून खाली बसायचे, ओंजळीतली फुलं पुन्हा मातीत जायची. हातांना मोहाचा गोड वास दिवसभर राहायचा. भाकरी थापतानाही यायचा, आणि मला पुन्हा हसू फुटायचं.

एका वर्षी वनखात्याच्या माणसांनी झाडांना कॅमेरे बांधले. गुडघ्याच्या उंचीवर एक हिरवट डबी, पट्ट्यानं आवळलेली. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. पाऊस मोजायचं काही असेल असं आम्ही समजलो. वाघ मोजायला ते लावलेत आणि समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो, हे फार उशिरा कळलं.

कळलं ते जाऊच्या फोटोवरून. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायला येणाऱ्या रोजंदारीच्या माणसानं तो गंमत म्हणून कोणाला तरी पाठवला, आणि दोन दिवसांत तो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला. लुगडं वर, बिडी तोंडात, काठी खांद्यावर. फोटोत आवाज नव्हता, पण नक्कल कोणाची हे कोणालाही कळत होतं. पानठेल्यावर माणसं भासऱ्यांना म्हणाली, "भाऊ, तुमचा जुळा भाऊ सापडला म्हणते जंगलात!"

भासरे ओरडले नाहीत. घरी येऊन त्यांनी जाऊचं टोपलं माळ्यावर फेकलं. "आता जंगलात जायचं काम नाई." एवढंच बोलले. पुढच्या मोहाला माझ्या दारावर टोपलं वाजलं नाही.

मी बाकीच्या बायांबरोबर जात राहिले. पण आता कोणी गात नव्हतं. "त्या डबीले कानबी हायेत म्हणते," एकीनं सांगितलं. खरं-खोटं विचारायचं कोणाला? लघवीला कुठं बसावं हेही कळेना. सगळ्या खाली मान घालून मुकाट्यानं वेचायच्या. अशाच एका सकाळी झाडाच्या एका बाजूला आमची शेजारीण आणि दुसऱ्या बाजूला अस्वल. दोघांनाही एकमेकांची चाहूल नव्हती. शेजारीण टोपलं टाकून पळाली म्हणून वाचली. नाल्यात पडून पाय मात्र मोडला.

मी हे जाऊला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"तुमी आवाज काऊन नाई केला?"

"कॅमेरा ऐकते म्हणून."

ती सुपातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मंग मी घरात अन् तुमी जंगलात. फरक काय रायला?"

त्याच महिन्यात ग्रामसभा होती. आणखी कॅमेरे लावायचे म्हणून वनखात्याचे साहेब आले होते. आम्ही बाया मागे भिंतीला टेकून बसलो होतो. साहेब म्हणाले, काळजी करू नका, वाघाचा फोटो कुठला हे आम्ही कोणालाच सांगत नाही, शिकारी येतील म्हणून सगळं कुलुपात असतं. ते ऐकलं आणि मी उभी राहिले.

"साहेब, वाघाची जागा तुमी कोणाले सांगत नाई. मंग माह्या जाऊचा फोटो पानठेल्यावर कसा आला? वाघ मोजा, आमाले काऊन मोजता? वाघाची राखता तेवढी तरी आमची लाज राखा."

पहिल्या रांगेतले भासरे वळून बघायला लागले. कोण बोलतंय ते त्यांना आवाजावरून ओळखता आलं नव्हतं.

मग मागच्या सगळ्याच बोलायला लागल्या. शेवटी ठरावात लिहिलं गेलं. मोहाखाली आणि बायांच्या वाटेवर कॅमेरा नको. दुसरीकडे लावायचा तर आधी सांगायचं. आणि माणसांचे जुने-नवे सगळे फोटो गावातल्या दोन बायांसमोर पुसायचे. मी चौथी शिकलेली, म्हणून त्या दोघींत मला घातलं.

घरी जाताना भासरे पुढे चालत होते. दारात माझ्याकडे न बघता ते जाऊला म्हणाले, "टोपलं काढ खाली. अन् हिले संग घेऊन जात जा. हिच्या आवाजानं अस्वल काय, वाघबी तालुका सोडन."

फोटो पुसायला ती दुसरी बाई आणि मी वनखात्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा कॉम्प्युटरवर चितळ, रानडुक्कर, नुसतं गवत असं बरंच काही येऊन गेलं. मग एका फोटोत जाऊ आणि मी आलो. तिथली गार्डबाई भली होती. म्हणाली, "ताई, हा लय चांगला आला. तुमच्या मोबाइलवर पाठवू का?" मी नाही म्हटलं आणि तिनं तो पुसला.

जाऊला सांगितलं तर म्हणाली, "मी कशी दिसत होती?"

"चांगली."

"मंग पुसला काऊन?"

"सगळ्यायचे पुसले. तुहा कसा ठेवू?"

"बराबर हाये," म्हणाली आणि टोपलं उचलून पुढे निघाली.

त्यानंतर आम्ही तीन मोह सोबत वेचले. मागच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. हार घालायला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला. त्यात ती कोणी दटावल्यासारखी बघते. तिची सून म्हणते, एक तरी चांगला फोटो पाहिजे होता. मी हार नीट करते.

पुसलेला तो फोटो मी एकदाच पाहिला. टोपलं डोक्यावर, पदर कमरेला, बिडी कानामागे. ती मान वळवून काहीतरी म्हणतेय आणि मागे मी हसून वाकले आहे. डबीला कान नव्हते, हे गार्डबाईनंच सांगितलं. पण ती काय म्हणत होती ते मला ठाऊक आहे. "काऊन वो, भाजीत मीठ टाकलं का?"