आत्या वरच्या वर्गात जाते

पुढे जायची जराही घाई नसलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझी आत्या. आमच्या घराण्यात बाकी सगळे जन्मतःच घोड्यावर बसलेले. बाबांना बढती हवी, काकांना आणखी मोठा फ्लॅट हवा, मी स्वतः पुण्याहून टोकियोत हिगाशी-कसाईला येऊन पडलो तोही पगाराच्या मागे धावतच. आत्या मात्र गेली कित्येक वर्षं क्योतोच्या विद्यापीठात शेवाळावर संशोधन करते आहे, आणि ढवळ्याशेजारी पवळ्या बांधल्याचा परिणाम तिच्यावर स्पष्ट दिसतो. "शेवाळ कधी घाई करतं का? तरी अर्धं क्योतो त्यानंच हिरवं ठेवलंय," असं ती वर ऐकवते.

तिला आवडतो तो कुठल्याही गोष्टीचा पहिला धडा. क्योतोत शिकवत नाहीत अशी कला नसेल, आणि आत्याने जिचा पहिला धडा घेतला नाही अशीही नसेल. चहाच्या वर्गातून तिने चहा फेसायचा बांबूचा कुंचा तेवढा घरी आणला. त्याने ती ताक घुसळते, आणि ते फक्कड होतं. पुष्परचनेची कात्री कोथिंबिरीला लागली, सुलेखनाचा ब्रश पोळ्यांना तूप लावायला. दुसऱ्या धड्याला का गेली नाहीस, असं विचारलं की म्हणते, "अरे, पहिल्या धड्याला चुकलं तर सगळे हसतात. दुसऱ्यापासून मार्क देतात."

भारतातून क्योतोला पीएच.डी. करायला येणारं प्रत्येक पोर आधी आत्याच्या तावडीत सापडतं. ती स्टेशनवर थालीपिठांचा डबा घेऊन उभी असते, आणि थालीपीठ घशाखाली उतरायच्या आत कचऱ्याच्या वर्गवारीवर तोंडी परीक्षा सुरू होते. एका नागपूरकराला तिने बसस्टॉपवरच विचारलं होतं, "दह्याचा डबा कुठे टाकशील? आणि झाकण? आणि धुतला नसेल तर?" तो बिचारा म्हणाला, "काकू, मी दही खाणंच सोडतो." पोरं शिकतात, नोकऱ्यांना लागतात, लग्नाच्या पत्रिका पाठवतात. आत्या तोवर पुढच्या पोराला आणायला स्टेशनवर गेलेली असते.

अशा बाईला आयरिश नाचाने कसं धरून ठेवलं, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. या नाचात कंबरेच्या वरचा भाग पहारेकऱ्यासारखा ताठ ठेवायचा आणि सगळी धांदल पायांनी करायची. शिकवणारी सेन्सेई आत्याहून बरीच लहान, आयर्लंडमध्ये राहून आलेली. सार्वजनिक सभागृहाच्या इमारतीत तळमजल्यावर नवशिक्यांचा वर्ग, मऊ बुटांचा. वरच्या मजल्यावर पुढचा वर्ग, टणक तळव्यांच्या बुटांचा. स्पर्धेत पहिलं आलं की वर जायचं, हा नियम. नवशिक्यांचा वर्ग दर एप्रिलला नव्याने सुरू होतो, आणि आत्याही त्याच्याबरोबर दर एप्रिलला नव्याने सुरू होते! तिच्याकडून बुटांच्या नाड्या बांधायला शिकलेल्या बायका आता वर धडाधड नाचतात आणि जिन्यात भेटल्या की वाकून म्हणतात, "आत्यासान, ओगेन्की देस का?" म्हणजे, आत्याबाई, बऱ्या आहात ना? मी तिला फोनवर हाक मारताना ऐकून तिचं नावच 'आत्या' आहे असा त्यांचा समज झाला आहे. आत्यानेही तो दूर केलेला नाही.

इतकी वर्षं नापास कसं राहायचं, यालाही अक्कल लागते. आत्या प्रत्येक स्पर्धेत मुद्दाम डाव्या पायाने सुरुवात करायची. "उजवा पुढे टाकायचा हे न कळायला मी काय खुळी आहे? पण मी वर गेले तर खाली नव्यांकडे कोण बघणार? सेन्सेई पावलं शिकवते रे, पण घाबरलेल्याला आधी पाणी द्यावं लागतं."

गेल्या वर्षीच्या स्पर्धेला मीही गेलो होतो. रंगमंचावर दोघी-दोघी सोडत होते. आत्याच्या शेजारी शिकोकू बेटावरून नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी होती. चेहरा पांढराफटक. अकॉर्डियन वाजू लागला, आत्याने ठरल्याप्रमाणे डावा पाय पुढे केला, आणि सहज बाजूला पाहिलं. मुलगी खांबासारखी थिजलेली. झालं! आत्याने झटकन पाय बदलला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या 'हळू' आवाजात म्हणाली, "उजवा गं, उजवा!" मराठी त्या पोरीला काय कळणार? पण पाय दिसला, आणि ती हलली. मग तिला नीट दिसावं म्हणून आत्या शेवटपर्यंत अशी स्वच्छ, बिनचूक नाचली की मी टाळ्या वाजवायचंही विसरलो.

आत्या पहिली आली.

स्वतःच्या बक्षिसाविरुद्ध तक्रार करणारी स्पर्धक परीक्षकांनी प्रथमच पाहिली असेल. "मी बोलले! नाचताना बोलतात का कोणी? मला बाद करा," असं ती जपानीत, सगळे आदरार्थी प्रत्यय लावून, हट्टाने सांगत होती. शेवटी सेन्सेईने टणक बुटांचा जोड दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "आत्यासान, इतकी वर्षं मी तुमचा डावा पाय बघते आहे. आता पुरे."

बसमध्ये आत्या बुटांचा जोड मांडीवर घेऊन बसली होती. मीच काहीबाही बडबडलो. घराजवळ आल्यावर म्हणाली, "माझ्या मागून आलेले प्रोफेसर झाले, त्याचं मला काही वाटत नाही. माझं कंत्राट दर वर्षी पुढे सरकतं, सरकू दे. पण कोणी नवीन आलं की ते माझ्याकडे बघतं, एवढंच इथे माझं आहे रे." मी तिची पिशवी घेतली.

पुढच्या शनिवारी मी टोकियोहून पुन्हा आलो आणि तिला सोडायला बरोबर गेलो. नवशिक्यांच्या दाराशी ती जरा थबकली, मग बूट छातीशी धरून जिना चढली. मी खालीच बाकावर बसलो. थोड्या वेळाने छतावर टणक बुटांचा गडगडाट सुरू झाला. सगळे ठेके एकदम पडत होते, आणि त्यांच्यामागून, किंचित उशिरा, एक एकटा ठेका. खालचा वर्ग नाचता नाचता थांबला. शिकोकूची ती मुलगी वर बघत हळूच म्हणाली, "आत्यासान."

त्या मुलीला निदान हाक मारायला कोणी तरी होतं. वर आत्याला उजवा पाय कोण सांगत असेल, असा विचार करत, ठेका चुकेल तसतसा मी बाकावर बसून तिच्यासाठी पायाने ताल धरत राहिलो.