पैनगंगेच्या पुलावर शमीम सिस्टर

शमीम सिस्टर गेल्याचं मला महागावच्या स्टँडवर कळलं. त्यांचा भाऊ रशीद तिथं गाड्या दुरुस्त करतो. तो हात पुसत जवळ आला, "आपा गेल्या," एवढंच बोलला. त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलं की थकवाच येतो...

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. आमच्याकडची बिऱ्हाडं वेचणीला नदीपल्याड, दुसऱ्या जिल्ह्यात जायची. सिस्टर पोलिओचे डोस घेऊन दारोदार फिरायच्या तर निम्म्या दारांना कुलूप. मग मोहिमेत त्या पुलाअलीकडच्या थांब्यावर बर्फाचा डबा खांद्याला लावून उभ्या राहायच्या. मी गाडी थांबवायची, त्यांनी आत चढून लहान पोरांच्या तोंडात दोन-दोन थेंब टाकायचे. प्रवासी वैतागायचे. मागल्या महिन्यात पाजला, आता पुन्हा कायले, असं बाया विचारायच्या. सिस्टरचं उत्तर ठरलेलं, तेही आवाज न चढवता. "तो आजार माणसाच्या संगं फिरते, बाई. तिकडं एक पोर राह्यलं तरी इकडं येते."

एके दिवशी मी गाडी थांबवली नाही. उशीर झाला होता, आदल्या आठवड्यात त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. सिस्टर हात करत पळत येताना दिसल्या आणि मी डबल घंटी मारली. मागच्या बाकावर एक बाई तान्ही मुलगी घेऊन बसली होती. तिच्या घराला तीन फेऱ्या कुलूप होतं, सिस्टर तिच्याचसाठी थांबल्या होत्या, हे मला त्याच दुपारी कळलं.

संध्याकाळी परतताना त्या पुलापलीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या दिसल्या. चपलेचा अंगठा तुटलेला, पायांवर काळी माती. मी माझी जागा दिली. पोरगी भेटली का, हे विचारायला मला बराच वेळ लागला.

"भेटली. माय तिले झाडाखाली निजवून वेचून राह्यली होती." मग म्हणाल्या, "बर्फ वितळत आलता. पन डोस चांगला होता, बाटलीवरची खूण पाह्यली मी."

चुकलं माझं, मी म्हणालो.

"तुमचीबी नोकरी आहे, भाऊ."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खिडकीला डोकं टेकून त्या महागावपर्यंत झोपल्या. त्यांची हद्द पुलापाशी संपत होती, ती ओलांडल्याबद्दल पुढं त्यांनाच लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानंतर तो थांबा मी कधी सोडला नाही.

देश पोलिओमुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, गुडघे पार गेले होते. त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, म्हणाल्या, "आता मले पाय शेकू द्या."

परवा नेरला चाललो होतो. शेजारी एक बाई बाळ घेऊन बसली आणि माझी नजर आपोआप बाळाच्या डाव्या करंगळीवर गेली. डोस झाला की तिथं शाई लावतात. गाडीत चढल्या चढल्या सिस्टर आधी तेच बघायच्या... बाळाची मूठ मिटलेली होती. ती उघडेपर्यंत मी बघत राहिलो. नखावर शाई होती. मग मी मान मागे टेकली.